आधी ‘की’, की नंतर ‘म्हणून’? : तंजावूरच्या भाषासंगमातून एक विचार

बँकेशी ज्याचा व्यवहार आहे, त्याच्या घरी एक वाक्य केव्हा ना केव्हा येऊन पोहोचतेच : ‘आपणांस कळविण्यात येते की...’ ठेवीची मुदत संपत असो, कर्जाचा हप्ता थकलेला असो वा शाखेचे स्थलांतर व्हावयाचे असो, या वाक्याचा उत्तरार्ध बदलतो. आरंभ मात्र तोच राहतो. इंग्रजी कार्यालयीन पत्रातील ‘यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट’ या साच्याचे हे मराठी रूप आहे, हे आपल्या सहसा ध्यानातही येत नाही. एवढा हा साचा आता आपल्या अंगवळणी पडला आहे. तो आपल्याकडे कसा रुळला आणि तो कोठे वापरावा, याचा विचार केवळ वैयाकरणांनीच करावा असे नाही. पत्र लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तो करावा लागतो आणि ते वाचून निर्णय घेणाऱ्या खातेदारालाही.

एक साचा, अनेक वाक्ये

इंग्रजीत ‘दॅट’ हा छोटा शब्द दोन वाक्यांना जोडतो. ‘आय थिंक दॅट’, ‘आय नो दॅट’, ‘आय होप दॅट’, ‘ही सेड दॅट’, ‘इट इज सेड दॅट’ असा आरंभ करायचा आणि मग मुख्य मजकूर सांगायचा, ही त्या भाषेची रीत. बोलण्यात हा ‘दॅट’ पुष्कळदा गळूनही पडतो; ‘आय थिंक ही इज कमिंग’ हे वाक्य इंग्रजीत अगदी नैसर्गिक आहे. शब्द गळला तरी क्रम मात्र टिकतो. आधी वाटणारा, मग वाटणे आणि शेवटी काय वाटते ते.

मराठीची घरगुती रीत याच्या उलट आहे. ‘पाऊस येईल असे वाटते’ किंवा त्याहूनही आटोपशीर ‘पाऊस येईलसे वाटते’ असे आपण म्हणतो. आधी मजकूर, मग तो कोणाचा हे. ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ हे पत्रातील जुने, सहज वाक्य. ‘मी आशा करतो की आपण कुशल असाल’ ही इंग्रजीची छाया. ‘इट इज सेड दॅट’ या चार शब्दांचे काम मराठीत ‘म्हणे’ हा एकटा शब्द वाक्याच्या शेवटी बसून करतो. ‘व्याजदर वाढणार म्हणे’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा समजतो : ही ऐकीव बातमी आहे, परिपत्रक नव्हे!

साचा शब्दशः उचलला तर कधी अर्थही निसटतो. ‘आय ॲम अफ्रेड दॅट युअर ॲप्लिकेशन इज इनकम्प्लीट’ या वाक्यात भीतीचा लवलेश नसतो. असते ती केवळ सौजन्यपूर्ण दिलगिरी. ‘मला भीती वाटते की आपला अर्ज अपूर्ण आहे’ असे त्याचे भाषांतर केले, तर घाबरण्याचे काम विनाकारण अर्जदाराकडे येते. ‘आपला अर्ज अपूर्ण आहे, याबद्दल खेद वाटतो’ एवढे पुरेसे आहे.

तंजावूरचे छत्र

इंग्रजी, मराठी आणि दक्षिणेच्या भाषा प्रदीर्घ काळ एका छत्राखाली नांदल्या असे ठिकाण शोधू लागलो, तर दृष्टी तमिळनाडूतील तंजावूरकडे वळते. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि १८५५ पर्यंत हे घराणे तेथे टिकले. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांनी आपले लक्ष विद्येकडे वळविले. जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते आणि इंग्रजीवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी वाढविलेला ग्रंथसंग्रह देशात अग्रगण्य ठरला होता. आज सरस्वती महाल ग्रंथालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात संस्कृत, तमिळ आणि तेलुगू हस्तलिखितांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि राजांनी जमविलेले इंग्रजी व इतर युरोपीय भाषांतील ग्रंथही आहेत.

बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला गेला तो १८०३ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, सरफोजी राजांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला. १८०६ मध्ये तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. मराठीच्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. इंग्रजीतून आलेल्या गोष्टी मराठीत आणून छापण्याचा उद्योग पुण्या-मुंबईत सुरू होण्यापूर्वी कावेरीच्या काठी सुरू झाला होता, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाची वाटावी.

गोष्ट सांगावयाची म्हणजे ‘कोण काय म्हणाला’ हे सांगणे आलेच. सर्वांच्या परिचयाचा कोल्हा घ्या. इंग्रजी रीतीने ‘कोल्हा म्हणाला की द्राक्षे आंबट आहेत’ असे होते. मराठी रीतीने ‘द्राक्षे आंबट आहेत, असे कोल्हा म्हणाला’. भाषांतरकाराला प्रत्येक वाक्यात या दोन वाटांपैकी एक निवडावी लागते.

पाच भाषांची दोन कुळे

या ग्रंथसंग्रहातील भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक मनोरंजक गोष्ट दिसते. संस्कृतात दुसऱ्याचे बोलणे संपले, की ‘इति’ येते. तमिळमध्ये त्याच जागी ‘एन्रु’ येते. ‘नान वरुगिरेन एन्रु सोन्नान’ या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘मी येतो म्हणून (तो) म्हणाला’. यातील ‘एन्रु’ हा शब्द म्हणणे या अर्थाच्या ‘एन्’ या धातूपासून झाला आहे. तेलुगूतील ‘अनि’ हाही तेच काम करतो आणि त्याचाही धातू म्हणण्याचाच. आणि मराठीतील ‘म्हणून’? तोही ‘म्हण’ या धातूपासूनच आलेला! ‘सखाराम म्हणून एक गृहस्थ आले होते’ किंवा ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ असे आपण रोज बोलतो, तेव्हा दक्षिणेच्या भाषांशी आपले किती निकटचे नाते आहे, याची आपल्याला जाणीवही नसते. मराठीतील ऐकीव ‘म्हणे’लाही तमिळमध्ये जोड आहे : ‘वरुवार’ म्हणजे ते येतील आणि ‘वरुवाराम’ म्हणजे ते येतील म्हणे.

म्हणजे संस्कृत, तमिळ, तेलुगू या तिन्ही भाषा ही खूण मजकुराच्या शेवटी ठेवतात. इंग्रजी ती आरंभी ठेवते. पाचवी भाषा मराठी, ती दोन्ही कुळांत वावरते. तंजावूरच्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ बोलली गेली, त्यांना ‘म्हणून’ आणि ‘एन्रु’ यांची ही जोडी शिकावी लागली नसेल. दोन्ही बाजूंना वाक्याची घडण एकच होती.

मात्र ‘की’ला सरसकट परका ठरविणेही न्याय्य होणार नाही. आधी सूचना आणि मग मजकूर ही पद्धत आपल्या जुन्या पत्रव्यवहारात होतीच. शिवकालीन पत्रांतील ‘विज्ञापना ऐसीजे’, ‘आज्ञा केली ऐसीजे’ हे मायने आठवावेत. ‘ऐसीजे’ म्हटले, की पुढे हकिकत सुरू. दरबारी पत्रव्यवहारात वावरणाऱ्या फारसीतही ‘कि’ मजकुराच्या आधीच येते. इंग्रजी शिक्षणाने या जुन्या वाटेचा हमरस्ता केला, एवढेच. पण त्यामुळे शेजारची पायवाट बुजू लागली.

‘तो’ म्हणजे कोण?

ही पायवाट बुजू नये, याला केवळ भाषाभिमानापलीकडचे एक कारण आहे. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलतात. ‘आय ॲम इल’चे ‘ही सेड दॅट ही वॉज इल’ होते. शाळेत या परिवर्तनाचा सराव करताना आपल्यापैकी अनेकांचा घाम निघाला असेल. मराठीला त्याची गरज नाही. बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच तोंडी राहतात : ‘मी आजारी आहे, असे तो म्हणाला.’

आता बँकेतील एका टिपणाची कल्पना करा. ‘खातेदार म्हणतात की त्यांनी धनादेश सोमवारी दिला.’ यातील ‘त्यांनी’ म्हणजे कोणी? स्वतः खातेदाराने, त्याच्या मुलाने, की खिडकीवरील कर्मचाऱ्याने? टिपण लिहिणाऱ्याला त्या दिवशी ते ठाऊक असते. सहा महिन्यांनी तक्रार वरिष्ठांकडे गेली आणि लिहिणाऱ्याची बदली झालेली असली, तर त्या एका सर्वनामावर सारे प्रकरण अडून बसू शकते. त्याऐवजी ‘मी धनादेश सोमवारी दिला, असे खातेदार सांगतात’ असे लिहिले, तर संशयाला जागा उरत नाही. येथे ‘आपण धनादेश दिला’ असेही लिहिता येते. परंतु पत्र खातेदारालाच पाठवावयाचे असेल तर ‘आपण’ म्हणजे वाचणारा, असा दुसरा अर्थ निघू शकतो. तेव्हा ‘मी’ अधिक सुरक्षित.

कोणती वाट केव्हा?

मजकूर लांब असेल, त्यात दोन-तीन अटी असतील, तर ‘की’ उपकारक ठरतो. ‘असे’ची वाट पाहत वाचकाला चार ओळी श्वास रोखून धरावा लागत नाही. मजकूर लहान असेल तर ‘असे’ किंवा ‘म्हणून’ अधिक गोड आणि अधिक स्पष्ट. आणि पुष्कळदा दोन्हींची गरज नसते. ‘आपणांस कळविण्यात येते की आपल्या ठेवीची मुदत ३१ मार्च रोजी संपत आहे’ या वाक्यातील पहिले चार शब्द काढून टाकले, तर काय बिघडते? पत्र हातात आहे, म्हणजे कळविले गेलेच आहे! ‘आपल्या ठेवीची मुदत ३१ मार्च रोजी संपत आहे. नूतनीकरणासाठी ठेव पावती घेऊन शाखेत यावे.’ घरातील वृद्ध ठेवीदाराला चष्मा शोधून जे वाचावयाचे असते, ते एवढेच.

सरफोजी राजांच्या संग्रहात इंग्रजी ग्रंथ मराठी पोथ्यांच्या शेजारी राहिले आणि त्यामुळे पोथ्यांचे काही उणे झाले नाही. वाक्यरचनेचेही तसेच आहे. इंग्रजीचा साचा आपल्याकडे आला, त्याचे स्वागतच आहे. त्याने आपली सोय वाढविली. मात्र दोन वाटा ठाऊक असलेल्याने एकाच वाटेने चालत राहण्याचे कारण नाही. पुढचे पत्र लिहिताना लेखणी ‘की’पाशी क्षणभर थांबवून पाहावी. कदाचित तेथे अधिक सोपे मराठी वाक्य आपली वाट पाहत असेल.