परक्या भाषेतले आपले भाषण

मुळशी तालुक्यातल्या ज्या घरात कातकरी बोली आहे, तिथल्या मुलाला पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. अशा मुलाला इंग्रजी वक्तृत्वस्पर्धेत उभे करताना आपण दुसऱ्याने लिहिलेले भाषण घोकून घेतो. एक शब्द निसटला की सारे भाषण कोसळते. मुलाला वाटते, आपल्याला बोलताच येत नाही. हा न्यूनगंड आपल्या पद्धतीने दिलेला असतो.

२० नोव्हेंबर १९३० रोजी बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजीत बोलले. भाषा परकी होती. सांगणे स्वतःच्या समाजाचे होते. तयारीचा क्रमही हाच असावा.

आधी विषयावर घरच्या बोलीत बोलू द्यावे. त्यातून तीन मुद्दे निवडावेत. विषय मुळशी धरणाचा असेल, तर १९२१ चा सत्याग्रह, पाण्याखाली गेलेली शेती, आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचे काय, हा प्रश्न. मग प्रत्येक मुद्दा छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडावा. पाठ करावीत ती पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये. मधला भाग रोज वेगळ्या शब्दांत, मोठ्याने, वस्तीतल्या माणसांसमोर बोलावा. शब्द कळले नाहीत तरी आवाज कुठे पडतो, ते त्यांना कळते. अडल्यास थांबावे, सोपा शब्द घ्यावा. माफी मागू नये.

परीक्षक उच्चारांचे गुण कापतील. कापू देत. आशयाचे गुण कापण्यासाठी त्यांना आधी ऐकावे लागेल.