काळवीट घोटीला का नाही?

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की घोटीच्या भातखाचरांच्या बांधांवर रात्री उजेड हलताना दिसतो. मंडळी खेकडे धरायला निघालेली असतात! त्याच नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला, येवले तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांचे कळप चरतात. आता सांगा, घोटीला गवत आणि पाणी मुबलक असून काळवीट का नाही? आणि त्या माळावर खेकड्यांची अशी झुंबड का नाही?

खेकड्याचे उत्तर सोपे आहे. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, आणि कल्ले ओले असतील तरच त्यांतून प्राणवायू रक्तात शिरतो. उन्हाळा तो ओलसर बिळात काढतो. इगतपुरीच्या बाजूला वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो, तर घाटापासून पूर्वेकडे जाता जाता तो घटत येवल्याला ५०० मि.मी.च्या आसपास उतरतो.

काळविटाचे कोडे मात्र गमतीचे आहे. पोट भरण्याची सोय आहे, पण जीव वाचवण्याची नाही. त्याची शस्त्रे दोनच: दूरवर पोचणारी नजर आणि ताशी सुमारे ८० कि.मी.ची धाव. दाट झाडीत, चढउतारांवर आणि चिखलाच्या खाचरांत ही दोन्ही बोथट होतात.

१९१७ साली जोसेफ ग्रिनेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील एका पक्ष्याबद्दल असेच काही लिहिले. हा पक्षी झुडपांखालचा पालापाचोळा उकरून किडे खातो आणि धोका दिसला की झुडपात पळतो. म्हणजे काळविटाच्या नेमका उलट! झुडपे नाहीत तेथे तो नाही. अशा जागेला ग्रिनेलने जो शब्द वापरला, त्याचा अर्थ भिंतीतला कोनाडा. जुन्या घरातल्या कोनाड्यात पणती मावते, हंडा मावत नाही. मात्र प्राण्याचा कोनाडा म्हणजे नुसता पत्ता नव्हे. तो काय खातो, कोठे लपतो, कोणापासून पळतो, हे सारे त्यात आले.

माळ उजाड दिसतो, तेव्हा तेथे दाट झाडे लावावीत असे आपल्याला सहज वाटते. आम्हालाही पूर्वी वाटे. पण झाडे वाढली की सावलीत गवत खुरटते, लांबचे दिसेनासे होते आणि लांडगा जवळ येईपर्यंत कळपाला पत्ता लागत नाही. पाऊस तेवढाच राहतो, पण काळविटापुरती ममदापूरचीच घोटी होते.