दुखणे अंगावर काढण्याची किंमत



कर्करोगावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस का उभा राहिला, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळाही फार झालेली नाही. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधल्या एका विडी कामगार बाईंची सून मदत मागायला कचेरीत आली. सासूबाईंची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी अंगावर लाल जात होते. त्यांनी ते वर्षभर कोणाला सांगितले नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, दवाखान्यात गेले की दिवस मोडतो. मजुरी कोण देणार?" तपासणी झाली तेव्हा रोग पसरलेला होता. त्या वाचल्या नाहीत. तेव्हापासून या विषयावर जे हाती येईल ते मी वाचत आलो. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हा रोग गर्भाशयाच्या मुखाचा. त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो. त्याला एचपीव्ही म्हणतात. तो स्त्रीपुरुष संबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की, त्याचा कोणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणे हे निव्वळ अज्ञान होय. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्यांच्या बाबतीत तो ठाण मांडतो, तेथील पेशी हळूहळू बिघडवतो, आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारणपणे दहापंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. हरळी बांधाच्या कोपऱ्यात असते तोवर खुरप्याने निघते. वावरभर पसरली म्हणजे नांगर घातला तरी हटत नाही. बिघडलेल्या पेशी वेळीच सापडल्या, तर थंड उपकरणाने गोठवून किंवा तेवढाच भाग काढून काम भागते. रोग पसरल्यावर मात्र किरणोपचार आणि जालीम औषधे यांचाच आधार उरतो.

मग वेळीच शोधायचे कसे? याचे उत्तर शोधण्याचे एक मोठे काम आपल्या शेजारीच झाले. आपल्या जामखेड तालुक्याला लागून असलेल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली एक अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून त्यांचे चार भाग केले. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची पॅप तपासणी, तिसऱ्यात सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी झाली. चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था राहिली.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणू तपासणीच्या भागात ३४,१२६ स्त्रिया होत्या; आठ वर्षांत त्यांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या भागात ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी दगावल्या. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन तपासण्यांनी, एकदाच केल्या असता, मृत्यूंत असा ठळक फरक पडला नाही.

परंतु आम्ल लावून पाहण्याची तपासणी टाकाऊ ठरली, असे मात्र नव्हे. हे आम्ल म्हणजे सौम्य व्हिनेगरच. ते लावल्यावर बिघडलेला भाग मिनिटभरात पांढुरका दिसू लागतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी हीच तपासणी झाली आणि त्यांच्यात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या; दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या होत्या. आपल्याला यात नवल वाटू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या बायांना आरोग्यसेविका करून हेच दाखवून दिले होते.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या भागांत तपासणी झाली नाही, तेथील स्त्रियांचे काय, असा आक्षेप या अभ्यासांवर पुढे घेतला गेला. तो रास्त आहे, असे मला वाटते. त्या ६४ जणी तुमच्याआमच्यासारख्या घरांतल्याच होत्या. त्यांच्या मरणातून मिळालेले ज्ञान आपण वापरले नाही, तर तो दुहेरी अन्याय होईल.

आता प्रतिबंधाविषयी. या विषाणूवर लस आहे आणि ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना दिल्यास सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. लशीच्या मात्रा किती हव्यात हे पाहणारा एक अभ्यास २००९ साली देशात सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्यातली दोन केंद्रे. २०१० साली सरकारी आदेशाने लसीकरण मध्येच थांबले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. दहा वर्षे त्यांची पाहणी केल्यावर दिसले की, एका मात्रेनेही जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळते. लस घेतली तरी पुढे तपासणी टाळू नये, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा विद्या आहे, साधनेही आहेत. तीस वर्षांवरील माणसांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी व्हावी, असे धोरण केंद्र सरकारने २०१६ सालीच आखले. जागतिक आरोग्य संघटना तर विषाणू तपासणीचा नमुना स्त्रीने स्वतःच घेतला तरी चालतो, असे सांगते; म्हणजे संकोचाचीही अडचण कमी झाली. अडते ते मोडलेल्या दिवसापाशी. "बायका अडाणी, दुखणे लपवतात," असे म्हणणे सोपे असते. ज्या बाईची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तिने रांगेत दिवस घालवावा असे सांगणाऱ्याने त्या दिवसाची भरपाईही सांगितली पाहिजे.

म्हणून माझे मागणे दोन ठिकाणी आहे. मालकांनी वर्षातून एक दिवस तपासणीसाठी भरपगारी द्यावा. जेथे काम नगावर चालते, तेथे त्या दिवसाची सरासरी मजुरी द्यावी. सरकारने तपासणी विडी कारखान्याच्या दारात, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळच्या वेळी आणावी. आणि आपण, जे येथे बसलो आहोत, त्यांनी घरी गेल्यावर आई, बहीण, पत्नी आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी यांना एवढेच विचारावे: तपासणी केली का? नसेल, तर कोणत्या दिवशी जायचे? त्या मावशींचा त्या दिवसाचा पगार मात्र कापू नये.