निर्लेखन यंत्राचे होते, कोबाल्टचे नाही

सरकारी कार्यालय असो वा महाविद्यालय, यंत्र निकामी झाले की त्याचे निर्लेखन होते, डेडस्टॉक रजिस्टरमधून नोंद कमी होते, लिलाव होतो आणि फाइल बंद होते. पण त्या यंत्रात किरणोत्सर्गी स्रोत असेल तर धोका तिथूनच सुरू होतो. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले ‘गामासेल 220’ हे यंत्र 1985 पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथल्या कामगारांनी शिशाला भाव असतो म्हणून त्याचे जाड आवरण सोलले. आतला कोबाल्ट-60 उघडा पडला. एकाने तर त्याचा तुकडा पाकिटात ठेवला होता. सात जणांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि त्यांतला एक कामगार एप्रिलमध्ये दगावला.

पंचवीस वर्षे पडून राहिलेल्या यंत्रात असे काय उरले होते? कोबाल्ट-60 चा अर्धायुकाल सुमारे 5.27 वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याची तीव्रता निम्मी होते. या हिशेबाने पंचवीस वर्षांनी मूळ तीव्रतेचा जेमतेम सत्ताविसावा भाग राहतो, आणि तेवढाही जिवावर बेतला. औद्योगिक रेडिओग्राफीतले इरिडियम-192 दर 74 दिवसांनी निम्मे होते, त्यामुळे दोन वर्षांत त्याचा जोर जवळपास ओसरतो. सीझियम-137 ला मात्र निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. ब्राझीलच्या गोयानिया शहरात 1987 साली एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून हेच सीझियम भंगारात गेले. अंधारात निळसर चमकणारी ती पूड लोकांनी कौतुकाने घरोघरी वाटली. चार जणांचे प्राण गेले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. म्हणून यंत्र किती जुने आहे एवढेच पाहून भागत नाही, आत काय आहे हे पाहावे लागते.

हिंगोलीत ना अणुभट्टी, ना मोठे कारखाने, मग इथे ही चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण भंगार एका जागी राहत नाही. मराठवाड्यातले पोलादाचे मोठे केंद्र जालना, आणि तिथल्या भट्ट्यांचा कच्चा माल मुख्यतः भंगार हाच आहे. वसमत, कळमनुरी, सेनगावात घराच्या स्लॅबला लागणारी सळई अशाच भट्ट्यांतून येते. कोबाल्ट भट्टीत पडला तर वितळून लोखंडात सारखा मिसळतो आणि प्रत्येक सळईत उतरतो. सीझियमची वाफ होऊन ते धुराच्या धुळीत जाते. मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये 1983 साली कर्करोगावरील उपचाराचे यंत्र भंगारात गेले आणि त्यातल्या कोबाल्टच्या बारीक गोळ्या सळयांत उतरल्या. जानेवारी 1984 मध्ये त्या सळयांचा एक ट्रक वाट चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेपाशी गेला आणि तिथल्या यंत्राने इशारा दिला, तेव्हा कुठे हे उघडकीस आले. आपल्या महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-60 सापडला. त्या पोलादाचा माग रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीच्या फाउंड्रीपर्यंत लागला. बटने जुळवणाऱ्या सुमारे वीस कामगारांना सामान्य नागरिकांसाठीच्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भट्टीच्या फाटकावर किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे बसवली की काम भागेल. ती बसवायलाच हवीत, खर्चाची सबब चालणार नाही. स्पेनमधल्या अल्हेसिरासजवळ 1998 साली एका पोलाद कारखान्यात सीझियमचा एकच स्रोत वितळला, आणि थांबलेले उत्पादन व सफाई मिळून नुकसान कोट्यवधी डॉलरवर गेले. तरीही फाटकावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. स्रोत शिशाच्या आवरणात शाबूत असेल आणि वर टनभर लोखंड असेल, तर यंत्राला तो दिसेलच असे नाही. शिवाय भट्टीपर्यंत येण्याआधी तो किती हातांतून गेला असेल! पहारा हवा तो यंत्र संस्थेबाहेर पडते तिथे.

तिथला नियम स्पष्ट आहे. स्रोत असलेले यंत्र मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. स्रोत पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्राकडेच द्यावा लागतो. अडचण आहे ती माहितगार माणूस निवृत्त झाल्यावर उरणाऱ्या कोऱ्या जागेची. माझे म्हणणे एवढेच, की निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘यंत्रात किरणोत्सर्गी स्रोत आहे काय’ असा एक रकाना असावा आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. याने भीती पसरेल असेही नाही, उलट ती आटोक्यात राहील. तालुक्याच्या दवाखान्यातले एक्स-रे यंत्र वीज बंद होताच निर्धोक होते, त्यात किरणोत्सर्गी स्रोत नसतोच. कोबाल्ट उपचारयंत्र, रेडिओग्राफी कॅमेरा, टाकीतली पातळी किंवा रस्त्याची घनता मोजणारी गेज यांची गोष्ट वेगळी.

भंगारवाल्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. किरणोत्सर्गाचे पिवळ्यावरचे तीन पाकळ्यांचे चिन्ह न शिकवता कळत नाही, हे ओळखूनच 2007 मध्ये लाल रंगाचे नवे चिन्ह आले: वर किरणे, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या आत, आवरण उघडू पाहणाऱ्यालाच दिसेल अशा जागी लावतात. 2007 च्या आधीच्या यंत्रांत मात्र ते असण्याची शाश्वती नाही. म्हणून भंगाराच्या दुकानांत दोन्ही चिन्हांचे मराठी फलक हवेत, आणि त्याखाली हेही: आकाराच्या मानाने विलक्षण जड डबा कापू नका, ठोकू नका, लांब व्हा, इतरांनाही लांब ठेवा आणि 112 वर कळवा. लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की शरीराला मिळणारी मात्रा चौथ्या भागावर येते. त्यासाठी कुठलेही उपकरण लागत नाही.