मातीचा मठ

हिमाचल प्रदेशात स्पिती नदीचे खोरे आहे. तिथे ताबो गावी बौद्ध भिक्षूंचा मठ आहे. तो इ. स. ९९६ मध्ये बांधला. भिंती नुसत्या मातीच्या! मग हजार वर्षे टिकल्या कशा?

उंच डोंगर पावसाचे ढग अडवतात. त्यामुळे तिथे पाऊस फार थोडा. इतका थोडा, की शेतीला बर्फ वितळलेले पाणी पाटाने आणावे लागते. पाऊस नाही, म्हणून माती टिकली. १९७५ साली मोठा भूकंप झाला. मठाची पडझड झाली, पण जुने देऊळ उभे राहिले.

आत भिंतींवर बुद्धाची रंगीत चित्रे आहेत. बोट लागले की रंगाचा पोपडा निघतो. तेव्हा तिथे गेलात तर चित्रे डोळे भरून बघा, हात लावू नका. आपल्या नातवंडांनाही ती बघायची आहेत.