उपग्रहवाहिन्या घरच्या जाळ्यावर

विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाचा क्षीण संकेत छतावरची तबकडी एकवटते आणि तिच्यासमोरील उपकरण त्याची वारंवारता उतरवून तो केबलीत सोडते, हे परिचितच आहे. परंतु प्रत्येक दूरचित्रवाणी संचापर्यंत निराळी केबल नेण्याची यातायात टळावी, या हेतूने लक्झेंबर्गच्या एसईएस कंपनीने २०१२ मध्ये सहकाऱ्यांसह ‘सॅट-आयपी’ ही पद्धती पुढे आणली.

तीत हवी ती वारंवारता पकडणारा भाग, म्हणजे ट्यूनर, संचातून काढून एका स्वतंत्र पेटीत बसवितात. घरातील संगणक वा फोन त्या पेटीस अमुक वारंवारतेवरील अमुक वाहिनी द्यावी असा हुकूम धाडतो, आणि पेटी तो प्रवाह, चित्राची पुनर्रचना मुळीच न करता, १८८ बाइटांच्या मूळच्या पुडक्यांसह घरच्या संगणक-जाळ्यावर रवाना करते. चित्राचा दर्जा यामुळे मुळाबरहुकूम राहतो, आणि माझ्या मते या योजनेचे खरे सौंदर्य याच संयमात आहे.

पेटीत ट्यूनर चार असतील, तर एकाच वेळी चारच वारंवारता पकडता येतात. मात्र एकाच वारंवारतेवरील अनेक वाहिन्या एका ट्यूनरावर भागतात. कूटबद्ध वाहिन्यांस अधिकृत परवाना लागतोच. वायफायवर पुडकी गहाळ होऊन चित्र तुटण्याचा संभव अधिक, म्हणून पेटी तरी तारेनेच जोडावी.