गुलाबावरील काळे ठिपके

पावसाळ्यांत गुलाबाच्या पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके उमटतात. भोंवतालचा भाग पिवळा पडून पान गळतें. हें कृत्य एका सूक्ष्म बुरशीचें. स्वीडनमध्यें एलियास फ्रीस ह्यांनीं इ. स. १८१५ मध्यें तिचें वर्णन केलें. पान सलग सुमारें ७ तास ओलें राहिलें, कीं तिचे बीजाणु त्यावर रुजतात. कांहीं दिवसांनीं ठिपका दिसतो; त्यांतून निघालेले नवे बीजाणु पाण्याच्या शिंतोड्यांनीं शेजारच्या पानांवर पोंचतात. पान गळलें म्हणून रोग टळला, असें मात्र नव्हे. पडलेल्या पानांत व रोगट फांद्यांत बुरशी दबा धरून राहते. म्हणून झाडाखालचीं पानें वेंचून बागेबाहेर नष्ट करावींत, रोगट फांद्या छाटाव्यात आणि पाणी सकाळीं, पानें न भिजवितां, मुळाशींच घालावें.